कोंडलेला महादेव आणि माझं हिरवं लुगडं

खरं सांगते, त्या पंधरवड्यात माझा देवावरचा विश्वास उडाला होता. रोज सकाळी हात जोडून म्हणायची, बापा, आता पुरे कर. तो ऐकेच ना. आसेगावच्या पलीकडं डोंगराच्या पायथ्याशी आमची वीस-पंचवीस घरं. पाऊस असा लागला होता की चुलीतलं लाकूड नुसतं धुपायचं. आमच्या घरामागच्या उतारावर हातभर रुंद भेग पडली होती आणि ती रोज वाढत होती. घरात आमचे हे, पेरणीत घसरून पाय मोडून घेतलेले, प्लास्टर घालून बाजेवर पडलेले. त्यात माझं भाऊबीजेचं हिरवं लुगडं महिन्यापूर्वी दोरीवरून गेलेलं. माझा संशय शेजारच्या जिजाबाईवर, म्हणून तिच्याशी बोलणं बंद. मन मोकळं करायलासुद्धा कुणी नव्हतं.

तलाठ्याचा फोनवर फोन. दरड येऊ शकते, नाल्याला पूर आहे, पथक पाणी ओसरल्यावरच पोचेल, तोवर समोरच्या टेकडीवरच्या महादेवाच्या देवळात जाऊन बसा. पण गाव पडलं ह्यांच्या तोंडाकडं बघणारं. हे हलले तर गाव हलणार, आणि हे म्हणतात, "हा डोंगर माह्या आज्यानं पाह्यला, बापानं पाह्यला. तो कुठी चालला?" बैल मात्र पहिल्या फोनलाच टेकडीवर नेऊन बांधायला लावले होते. मी म्हटलं, "बैलायची काळजी हाय, बायकोची नाही?" तर म्हणाले, "बैल आयकते माह्यं." मी भांडले, रडले, म्हटलं, तुम्हाला इथंच पुरायची पाळी येईल. हे ढिम्म.

फोन सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी जिजाबाई पोतं पांघरून दारात आली. मला म्हणाली, "बोलू नोको माह्यासंग, पन आयक. देव सोडला का कोनं?"

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडं पाऊस लांबला की महादेवाला पाण्यात कोंडतात. गाभाऱ्याची मोरी बोळा कोंबून घट्ट बुजवायची आणि पिंडी बुडेपर्यंत घागरींनी पाणी भरायचं. देवाचा जीव घुसमटला की पाऊस येतो. आला की नारळ फोडून मोरी उघडायची. यंदा पाऊस आला तसं सगळं गाव पेरणीला पळालं, आणि मोरी बुजवण्या-उघडण्याचा मान असलेले आमचे हे पाय मोडून बसले. महादेव महिनाभर पाण्यातच! वरून मी त्यालाच म्हणत होते, पुरे कर.

पोट्टे पळत गेले आणि हात हलवत परत आले. "बोळा निघूनच नाही राह्यला!"

"कसा निघन?" हे बाजेवरच ताठ झाले. "तो माह्या हातचा हाय. उचला मले."

तलाठ्याच्या सांगण्यानं न हललेला माणूस एका बोळ्यासाठी हलला. चौघांनी बाज खांद्यावर घेतली. मागं सगळं गाव, म्हाताऱ्या-पोरांसकट, कारण आमच्या गावात कामाला चार लागतात आणि सल्ला द्यायला सगळे. देवळात पोचल्यावर ह्यांना गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर पालथं धरलं. खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून, दात-ओठ खाऊन ह्यांनी हिसडा दिला. भसकन पाणी सुटलं, पिंडी वर आली आणि ह्यांच्या हातात लोंबलं माझं हिरवं लुगडं!

जिजाबाई माझ्याकडं बघत होती. मी पदर खोचला, तोंड उघडलं, आणि पहिली शिवी बाहेर पडायच्या आत समोर डोंगर गडगडला. बघता बघता आमचं घर, जिजाबाईचं घर, पुढची सगळी ओळ चिखलाखाली गेली. त्या घरांत एकही माणूस नव्हतं. मी जिजाबाईच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडले.

दुपारी पथक नावेतून नाला ओलांडून आलं. साहेबांनी डोकी मोजली, पुन्हा मोजली. "सगळे? कुणी काढलं तुम्हाला बाहेर?"

कुणी महादेव म्हणालं. हे "मी" म्हणाले. जिजाबाई म्हणाली, "हिच्या लुगड्यानं."

पाऊस काही लगेच थांबला नाही, आणखी दोन दिवस पडला. चमत्कार म्हणा, आमचा वेंधळेपणा म्हणा, मी वाद घालत नाही. मला एवढंच उमगलं, की मी रोज देवाला सांगत होते काय कर, आणि तो बिचारा नाकातोंडात पाणी जात असताना आमचीच सोय बघत होता. आता टिनाच्या खोलीत राहतो. दर सोमवारी पिंडीवर तांब्याभर पाणी घालते, मागत काही नाही, फक्त मोरी उघडी आहे ना, तेवढं बघते.

ती शिवी अजून द्यायची राहिली आहे. रोज ह्यांना बाजेवर पसरलेलं बघते, तोंड उघडते, आणि विचारते, "चहा घेता का?"