उतार तुझा, सपाट माझं

खेळाच्या मैदानाचं गवत कापायचं ते आत्यानंच, हे साऱ्या गल्लीला पाठ होतं. नवरा गेल्यावर त्याची गवत कापायची गाडी, वर बसून चालवायची ती, तिनं हाती घेतली तेव्हा लोक हसले होते. हसू देत म्हणाली. पुढे त्याच हसणाऱ्यांची पोरं तिच्या मैदानावर लोळायला लागली.

पण गेल्या वर्षी उतारावर गाडी कलंडली, आत्याचा गुडघा कामातून गेला, आणि घरात सगळ्यांना एकदम तिचं वय दिसायला लागलं. "आता पुरे," म्हणाला भाचा. तिनंच लहानाचा मोठा केलेला. आज दुपारी गाडी विकत घेणारा माणूस ती न्यायला येणार होता. गाडी गेली की मैदानही गेलं, मग उरलं काय, तर खुर्ची आणि खिडकी.

भाच्यानं गाडी कालच ढकलत फाटकाशी आणून ठेवली होती. आत्या सकाळी उठली ती थेट गाडीवर जाऊन बसली. किल्ली फिरवली, इंजिन धडधडलं. पायपट्टी दाबली. गाडी ढिम्म.

"बघ," भाचा पायरीवरून म्हणाला, "तीसुद्धा थकली. दोघींनी आराम करा आता."

"माझ्या आरामाची उठाठेव तुला कुणी सांगितली?"

ब्रेक बघितला, तो सुटलेला. इंजिन बंद करून, गुडघ्याला शिव्या घालत ती जमिनीवर आडवी झाली आणि चाकांना ताकद पोचवणारा पट्टा चाचपला. धडधाकट होता. मेलीला झालंय तरी काय, असं पुटपुटत ती उठायला लागली, आधाराला गाडी धरली, तर गाडीच सरकली. आत्या तोंडघशी पडता पडता वाचली.

भाचा धावत आला. "म्हणूनच सांगतोय..."

"गप्प बस."

इंजिन बंद असताना ही गाडी अशी सरकत नाही. मागचा दांडा ओढला तरच चाकं मोकळी होतात, आणि मग इंजिन कितीही बोंबललं तरी जागची हलत नाही. आत्या मागे गेली. दांडा बाहेर होता.

ढकलताना ओढला, ठीक. पण ढकलून झालं की आत सारायचा, हे तिनंच त्याला शिकवलं होतं, त्याचे पाय पायपट्टीला पुरत नव्हते तेव्हा.

"विसरलास?"

"नाही विसरलो. तुला गाडीखालून मी ओढून काढलं, आत्या. पुन्हा नाही जमायचं मला."

पण आत्याचा राग ओसरला नाही. "मग भीती वाटते असं तोंडावर म्हणायचं. मी म्हातारी झाले हे मला पटवायला माझी गाडी लंगडी करतोस?"

तिनं दांडा आत सारला आणि वर चढून बसली. "उताराची भीती वाटते ना, मग तो तू काप. सपाट माझं. आणि दुपारच्या त्या माणसाला काय सांगायचं ते तूच सांग."

गाडी निघाली ती थेट बंद फाटकाकडे. आत्यानं वेग कमी केला नाही. शेवटी भाचाच धावत पुढे गेला आणि फाटक उघडून बाजूला उभा राहिला.