चित्रातली मेंढरं
घोंगडी उन्हात टाकली की लोकरीचा वास सुटतो आणि मला दिल्लीतलं ते संग्रहालय आठवतं. कळमनुरीहून आम्ही काही मंडळी दोन दिवसांच्या सहलीला गेलो होतो. किल्ले, चित्रं, मूर्ती दाखवायला तिथलीच एक तरुण गाइड होती. कृष्णानं उचललेल्या गोवर्धनाच्या चित्रासमोर आईचे गुडघे भरून आले. तिनं सरळ खांद्यावरची घोंगडी अंथरली आणि बसली. मी तिला उठवणार, तोच गाइड शेजारी मांडी घालून बसली आणि चित्राची गोष्ट तिथूनच सांगू लागली. जन्मभर मेंढरं राखलेली आई सगळं ऐकून आपल्या हिंदीत म्हणाली, "बाई, पहाड के नीचे सब गायाच हैं. हमारे मेंढरं कायको नहीं? वो भीगे तो चलता क्या?" मंडळी हसली. पोरगी मात्र चित्राकडं बघत राहिली. "ढूँढ के बताऊँगी, अम्मा," म्हणाली आणि माझा नंबर घेतला. आम्ही गावी आलो, लोकर कातरून झाली, आणि एक दिवस माझ्या फोनवर तिनं पाठवलेलं जुनं चित्र आलं: उतारावर मेंढरं, मागं काठी घेतलेली बाई. आईनं फोन डोळ्यांजवळ धरला. "मागचं एक लंगडून राहिलंय, बग." पुढं आई वारली. फोन बदलला की आजही मी ते चित्र आधी नव्या फोनात घेतो, त्या पोरीचं भलं चिंततो, आणि मागचं मेंढरू नीट चालतंय का बघतो.