मांडीवरची पिशवी

पनवेलच्या लाइन आळीत राहणारे काशिराम ठाकूर पाणीपट्टीचे कारकून. मोटारसायकलवरून जायचे ते लांबात लांब उरणला, सासुरवाडीला. पण हत्यारांची पिशवी अशी की अख्खं गॅरेज बरोबर निघालंय. त्यात एक पाना तर स्कूटरचा होता. काशिरामांकडे स्कूटर नव्हती. "लागतो कुणाला तरी," म्हणायचे. वाटेत कुणाचीही गाडी बंद दिसली की हे थांबणारच. आपण मात्र अठरा वर्षांत कुणाकडे साधा स्क्रू ड्रायव्हर मागितला नाही, हा त्यांचा तोरा.

एकदा कॅरियरला बांधलेली पिशवी रस्त्यात पडली. तेव्हापासून तिची जागा प्रमिलाबाईंच्या मांडीवर. बाई एका अंगाला बसायच्या, दोन्ही हातांनी पिशवी कवटाळून.

ब्याण्णव साली प्रमिलाबाईंच्या पोटाचं ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, गाडीवर बसा खुशाल, पण दोन किलोच्या वर ओझं नको. काशिरामांनी वाण्याच्या काट्यावर पिशवी ठेवली. साडेनऊ किलो!

घरी येऊन ते चाचरत म्हणाले, "यंदा तू एस्टीनं जा उरणला. मी गाडीवरून येतो."

"आणि पिशवी?"

"ती... गाडीवर."

"मंजे पिशवीला सीट नि मला एस्टी! लग्न तिच्याशीच करायचं होतं ना."

बाई हसल्या, पण डोळे पुसायला आत गेल्या. आईकडे नवऱ्याच्या गाडीवरून उतरायचं, एवढीच काय ती त्यांची वर्षाची चैन.

रविवारी सकाळी काशिराम ओटीवर हत्यारं मांडून बसले. हातोडी बाजूला. पंप बाजूला. स्कूटरचा पाना दोनदा आत गेला, दोनदा बाहेर आला. प्लगचा पाना, पक्कड, दोन लहान पाने, क्लचची वायर एवढं राहिलं. मागच्या चाकाचा मोठा पाना एकटाच किलोभर. तो हातात धरून ते बराच वेळ बसले. मग उठले आणि माळ्यावर ठेवून आले.

उरणच्या वाटेवर जासईजवळ चेन उतरली. चढवली, पुन्हा उतरली. चाक मागं ओढून चेन ताणायला हवी, आणि त्याला हवा नेमका माळ्यावरचा पाना.

प्रमिलाबाई पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. काशिरामांनी घाम पुसला, समोर उभ्या ट्रेलरकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा पाना मागायला गेले.

ड्रायव्हर पाना देता देता म्हणाला, "पिशवी घेऊन फिरताय, मालक, आणि कामाचा पाना घरी?"

"दोघांचं वजन झेपत नव्हतं," काशिराम म्हणाले. "पाना ठेवला, बायको आणली."

प्रमिलाबाईंनी चटकन तोंड खाडीकडे फिरवलं.

चेन ताणली, पाना परत केला, गाडी निघाली. पिशवीला आता एक हात पुरत होता. दुसरा त्यांनी थोडा वेळ नुसताच पदरात धरला. मग हळूच काशिरामांच्या खांद्यावर ठेवला.

"सावकाश चालवा," त्या म्हणाल्या. "उरण काय पळून नाय जात."