पक्का माल

बावीस नोव्हेंबर. टेप कापायचं काम चालू आहे. हंगाम जवळ आला की पांढऱ्या चिकटपट्टीचे बोटभर तुकडे कापून टेबलाच्या कडेला लावून ठेवावे लागतात, म्हणजे सकाळी पोरं हात पुढे करून उभी राहिली की खोळंबा होत नाही. बोटं बांधून घेताना काही जण गप्प असतात, काही जण मोबाइल बघतात. एक जण मात्र मोकळ्या हाताच्या मुठीने स्वतःच्या कपाळावर टकटक करायचा, कलिंगडवाला फळ वाजवून दाखवतो तसं, आणि म्हणायचा, "आवाज ऐका मॅडम. पक्का माल."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हैदराबादेत, नारायणगुड्यात माझं छोटं क्लिनिक आहे आणि हंगामात शहरातल्या एका रग्बी संघाचं काम बघते. माझा धंदाच संशयाचा. सामना असला की मोडका घोटा घेऊन आलेला मुलगा सांगतो, काही दुखत नाही. पायऱ्या चढायचा सराव असला की धडधाकट मुलाची कंबर धरते. तुमच्याही घरात अशी माणसं असतील. मी कुणाचं तोंड बघत नाही, पाय बघते.

तो मूळचा नांदेडकडचा. वडील इथे एका कचेरीत नोकरीला लागले म्हणून कुटुंब नल्लकुंट्यात आलं. शाळा तेलुगू, गल्ली उर्दू, घरात मराठी. तिन्हींची मिसळ करून तो बोलायचा. लहानपणी कबड्डी खेळायचा. चढाईला आलेल्याचा घोटा असा पकडायचा, की पकडलेल्याला आपण पडलो हे पडल्यावर कळावं. आमच्या कोचने ते पाहिलं आणि त्याच्या हातात लांबट चेंडू दिला. कोच सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांना माणूस पसंत पडला की ते विचारत नाहीत, सांगतात.

रग्बीचाच एक तेरा जणांचा प्रकार आहे, रग्बी लीग. त्यात चेंडू घेऊन पळणाऱ्याला आडवं केलं की खेळ क्षणभर थांबतो, तो उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो, आणि पुन्हा सुरू. म्हणजे सगळा खेळ माणूस पकडून पाडण्याचा. आमचा हा गडी आदल्या वर्षी काही महिने ऑस्ट्रेलियात त्या खेळाच्या एका क्लबाकडे राहून आला होता. तिथल्या धिप्पाड लोकांच्या घोट्यांना त्याने हैदराबादचं पाणी दाखवलं असणार, कारण क्लबाने त्याला पुढच्या मोसमासाठी बोलावलं. दोन वर्षांचा करार. एकच अट होती. आमच्या हंगामातून तो धड बाहेर पडला पाहिजे, आणि तसं आम्ही लिहून द्यायला हवं. संघाचे डॉक्टर फक्त सामन्याला येत. रोजचं पाहणारी मी, त्यामुळे ते माझ्या शब्दावर सही करत.

हंगामाआधी प्रत्येकाची डोक्याची चाचणी होते. पाच शब्द सांगायचे, ते लगेच आणि थोड्या वेळाने म्हणून घ्यायचे. महिने उलटे म्हणायला लावायचे. डोळे मिटून एका पायावर उभं करायचं. पुढे डोक्याला मार बसला की पुन्हा हीच चाचणी घेऊन पहिलीशी ताडून बघायची.

त्याची पाळी आली. मी पाच शब्द सांगितले. त्याने दोन म्हटले.

"बाकीचे?"

"मॅडम, मराठीत नक्को. मराठीत मी कच्चा आहे."

"बरं, हिंदीत सांगते."

हिंदीतलेही दोनच. तेलुगूतही तेवढेच. ऑगस्टच्या मागे जूनवर उडी मारली. मग एका पायावर उभं केलं, तर दोन्ही हात पसरून असा हेलकावे खायला लागला, की रांगेतली पोरं टाळ्या पिटायला लागली.

"अरे, पतंग कटला!" मागून कुणीतरी ओरडलं.

मला हसू आलं नाही. त्याच सकाळी हा गडी मैदानाच्या फाटकाशी एका पायावर उभा राहून, कानाखाली मोबाइल दाबून, दुसऱ्या पायातल्या बुटाची नाडी बांधत होता आणि मित्राशी बिर्याणीवरून भांडत होता. मला पहिली शंका आली ती वाईट. याला आधीच कुठेतरी मार बसलाय आणि हा लपवतोय. मी त्याला पुढचे काही दिवस नजरेखाली ठेवला. पण सरावानंतर टिफिन सेंटरमधून सगळ्यांचं खाणं आणायला तोच जाई. कुणाला सांबार वेगळं, कुणाला कांद्याशिवाय उपमा, कोचना तूप लावलेली इडली, कधी चूक नाही. डोकं शाबूत होतं. मग चाचणीत काय झालं होतं? मी विचारलं तर म्हणाला, "तुमच्यासमोर घबराट होते मॅडम. शाळेतल्या बाईंसारख्या बघता तुम्ही."

मी ते मानलं नाही, पण खोडूनही काढता येईना.

हंगामाच्या शेवटाकडे एका सामन्यात तो खाली वाकून टॅकल करायला गेला आणि समोरच्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. उठला, कपाळावर टकटक केली, खेळत राहिला. मी त्याला बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी चाचणी घेतली. दोन शब्द. जून. आणि एका पायावर डगमग. पहिल्यासारखंच सगळं. आकड्याला आकडा जुळला.

कोच माझ्या खांद्यावरून बघत होते. "नंबर सेम है ना, मॅडम? फिर क्या प्रॉब्लेम?"

प्रॉब्लेम पायात होता. या वेळी त्याने हात पसरले नव्हते. हात अंगाशी घट्ट होते, चेहरा शांत होता, आणि पायाची बोटं वाकून मॅटमध्ये रुतली होती. नाटक करणारा वरून हलतो. ज्याच्या पायाखालची जमीन खरंच सरकते तो बोटांनी ती धरून ठेवायला बघतो. इतकी वर्षं मी लोकांना पक्षाघातानंतर उभं करते आहे. ती बोटं मी ओळखते.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने सुरुवातीलाच मुद्दाम कमी गुण घेऊन ठेवले होते, पुढे मार बसला तरी पास होता यावं म्हणून. आणि हिशेब चुकला नव्हता. कागदावर तो पास होता.

मी कोचना सांगितलं, "मी लिहून देणार नाही."

ते म्हणाले, "उसका करिअर है, मॅडम."

"डोकं पण त्याचंच आहे."

त्या संध्याकाळी तो क्लिनिकवर आला. शेवटचा पेशंट जात होता. इस्त्रीचा शर्ट, हातात पुल्ला रेड्डीच्या नामांकित दुकानातल्या नव्हे, पण तशाच कुठल्यातरी तुपाच्या मिठाईचा डबा. डबा बघूनच मला राग आला.

"सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का?" त्याने बसता बसता विचारलं. सर म्हणजे माझे यजमान.

"झालं. ठीक आहेत."

"बरं झालं." मग थोडा वेळ डबा गुडघ्यावर फिरवत बसला. "कोच म्हणाले तुम्ही नाही म्हणालात."

"सुरुवातीला मुद्दाम चुकलास की नाही?"

त्याने नाकारलं नाही. "हौ. पुष्कळ जण करतात मॅडम. तिकडे तर गोरे पण करतात. मी एकटा चोर आहे का?"

"मी चोर म्हटलं नाही."

"मग जे लिहिलेलं आहे तेच कळवा ना. मी खोटं लिहायला सांगत नाही. आधी जेवढे, आता तेवढेच."

"आधीचं खोटं होतं."

"ते तुम्हाला कुठे साबित करता येतंय?" तो हसला, पण तोंडाने नुसता. "मॅडम, मी आता तिशीला टेकलो. पुढच्या वर्षी मला कोण बोलावणार? घरी आईने गल्लीभर सांगून ठेवलंय. बाबांना तर विमानाचं तिकीट हातात धरून बघायचंय. रग्बी सोडून मला काय येतं, सांगा."

"शिकशील."

"तुम्हाला सोपं आहे म्हणायला."

सोपं नव्हतं, पण त्याच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. मी पाणी दिलं. तो प्यायला, ग्लास नीट टेबलावर ठेवला, जरा सैल झाला, आणि मनापासून काळजीने म्हणाला, "सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का, मॅडम?"

तोच प्रश्न, तोच आवाज, आणि डोळ्यांत तीच विचारपूस.

मी म्हटलं, "झालं. ठीक आहेत."

"बरं झालं," तो म्हणाला.

त्याच्या काही लक्षात आलं नव्हतं. मीही लक्षात आणून दिलं नाही. फार तर घाबरला असता, आणि मग ते लपवायलाही शिकला असता. मी त्याला न्यूरॉलॉजिस्टचा पत्ता दिला, विश्रांती घे म्हटलं, गाडी चालवू नकोस म्हटलं. तो उठला. दारात थांबून म्हणाला, "तुम्ही नाही लिहिलं तर दुसरं कुणीतरी लिहील. हैदराबादमध्ये डॉक्टरांची कमी नाही." रागाने नाही, माहिती दिल्यासारखं. मिठाईचा डबा मी त्याच्या हातात परत दिला आणि त्याला रिक्षात बसवलं.

तो ऑस्ट्रेलियाला गेला नाही. न्यूरॉलॉजिस्टने सगळं बंद करायला लावलं. बरा झाला म्हणतात. हल्ली नल्लकुंट्यात मुलींना कबड्डीतली पकड शिकवतो आणि त्या मुली जिंकतातही. चिक्कडपल्लीच्या बाजारात दोनदा समोर आला, दोन्ही वेळा त्याने रस्ता ओलांडला. मी हाक मारली नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही ओलांडला असता.

कारण दुसरं कुणीतरी लिहील हे त्याचं बोलणं मी खरं धरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुकर लावला, यजमानांच्या डोळ्यात थेंब घातले, तिकडे आता दुपार असेल असा अंदाज केला आणि त्या क्लबाच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्याच्या खांद्याच्या जुन्या दुखण्यावरून आमचं आधी बोलणं झालेलं होतं. मी नाव सांगितलं, मार कसा बसला ते सांगितलं.

त्यांनी विचारलं, आकडे काय म्हणतात?

मी म्हटलं, आकड्यांत तो पास आहे. तरी त्याला नेऊ नका.