तिसऱ्या भागातला हुंदका

बंडू गेल्याचा फोन जर्मनीहून आला, तेव्हा मी बाजाच्या पेटीवरची धूळ पुसत होते. बंडू म्हणजे माझा धाकटा भाऊ, तुमचा मामाआजोबा. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चार वाद्यांसाठी तो तिकडे राहून रचना करायचा. वर्ध्यात कुणी विचारायचं, "म्हंजे बँड काय?" तो गंभीरपणे सांगायचा, "हो जी, पन वरातीत नाई वाजवत." सुटीत आला की चहाच्याही आधी चेलो बाहेर काढायचा. "ताई, सूर दे." मी पेटीचा भाता हलवून पांढरी सहा ही पट्टी दाबून धरायची, तो तार जुळवायचा. शाळेपासून हे असंच चालत आलं होतं.

तुमचे आजोबा गेले तेव्हा तो धावत आला. आमच्याकडे भेटायला आलेली बाई गळ्यात पडून, चाल लावून, गेलेल्या माणसाशी बोलत रडते. मी कॉलेजात इंग्रजी शिकवणारी. अशा वेळी तोंडाला रुमाल लावून बसायची. गिरडहून आलेल्या चुलतसासूंनी तो रुमालच ओढून घेतला. "ठेव तो! तो आयकून राह्यला, बोल त्याच्यासंग." आणि मी बोलले... "चष्मा घरी ठेवून कसे निघाले जी..." त्या चालीत मी आयुष्यात एकदाच रडले. बंडू दाराशी मान खाली घालून बसला होता. मला वाटलं, तोही रडतोय.

काही वर्षांनी इरा, तूच मला त्याची सगळ्यात गाजलेली रचना पाठवलीस. 'आजी, किती सुंदर!' तिसऱ्या भागात व्हायोला एकटी वर चढली आणि मी ती जागा मागे नेऊन पुन्हा ऐकली. त्या दिवशी रडताना मी जिथे श्वास घेतला होता तिथे ती थांबत होती. माझा हुंदकासुद्धा त्याने जागेवर ठेवला होता. म्हणजे दाराशी बसला होता तेव्हा त्याच्या खिशातल्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू होतं.

पुढच्या सुटीत मी त्याला विचारलं, "मले इचारलं काऊन नाई?"

"इचारलं असतं त तू तशी रडली असती का?" तो शांतपणे म्हणाला. "लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, ताई."

माझ्या नवऱ्यासाठीचं रडणं... टाळ्या!

परवा तो गेल्याचा फोन आला आणि शेजारच्या बायका आल्या. एकीने मला कवटाळलं, "रड वं ताई, भाऊ होता तुहा." मी तोंड उघडलं. पहिला स्वर निघाला आणि तो मला व्हायोलाची नक्कल वाटला. मी तोंड मिटून घेतलं. बहीण कोरडी निघाली, असं म्हणत बायका उठल्या असतील.

त्या गेल्यावर मी पेटी उघडली. भाता हलवला, पांढरी सहा दाबली आणि हात भरून येईपर्यंत धरून ठेवली. माझ्याकडून एवढं एकच तो मागून घ्यायचा.