उजेड बघायला काढलेले फोटो

बाजारातले लोक तिला ‘चौकशी’ म्हणत, तेही तोंडावर. कॉम्प्युटर दुरुस्त करणारी ही बाई चाळिशी उलटली तरी दिसेल त्याला प्रश्न विचारायची. कोणाकडे पंखा दुरुस्त करायला माणूस आला, की ही हातातलं काम टाकून शिडीखाली उभी. हिला दोन नाकं हवी होती, एक खुपसायला आणि एक श्वास घ्यायला, असं तिचा नवरा म्हणायचा. ती हसून सोडून द्यायची. एक मात्र खरं, लोकांच्या मशीनमध्ये ती कधी डोकावली नाही. जुन्या डिस्कवरचं सगळं उचलायचं, नव्या मोठ्या डिस्कवर जसंच्या तसं ठेवायचं आणि गुपचूप घरी जायचं, हा तिचा नेम.

त्याआधी ती कचरापेटी तेवढी रिकामी करायची. कॉम्प्युटरवर आपण पुसलेलं लगेच जात नाही, त्या पेटीत पडून राहतं. घर बदलताना केर कशाला बरोबर न्यायचा, असं तिचं सरळ म्हणणं. जगाला भंडावून सोडणारी ही बाई, पण हे एवढं एक काम ती कोणालाही न विचारता उरकायची. आता बोला!

स्टुडिओवाल्या काकांचं मशीन भरलं म्हणून ती नवी डिस्क घेऊन गेली. दुकान म्हणजे एक लांबट खोली. मागे पांढरा पडदा, त्याच्यापुढे स्टूल, दोन्ही बाजूंना छत्रीचे दिवे. पुढे काउंटरवर काकू पासपोर्टचे फोटो कापत बसलेल्या. काका तसे भले, पण बोलायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येई. त्यांच्या वाटचं काकूच बोलत. चौकशीने सहज विचारलं, इतक्या फोटोंत तुमचे किती? झालं, काकूंना तेवढंच हवं होतं. साऱ्या गावाची तोंडं काढली या माणसाने, पण बायकोचा म्हणून एक फोटो काढला असेल तर शपथ. ओळखपत्रावरचासुद्धा सरकारी ऑफिसात काढलेला, आणि त्यात मी चोरासारखी दिसते, म्हणाल्या. काका दिव्याची वायर गुंडाळत राहिले.

चौकशीने मशीन चालू केलं, कचरापेटी रिकामी करायला गेली आणि तिथेच थांबली. लग्नं, शाळेची ओळखपत्रं, साखरपुडे, सगळा धंदा एकीकडे आणि केर त्याच्या दुप्पट. मशीन बसवणाऱ्याने पेटीला वाट्टेल तेवढी जागा देऊन ठेवली होती, हे तिला कळलं. पण ह्या माणसाने एवढं टाकलं तरी काय? नेम गेला खड्ड्यात म्हणत तिने पेटी उघडली.

आत काकू होत्या. खाली सरकवावं तिकडे काकूच, त्याच स्टुलावर. कधी अर्धा चेहरा अंधारात, कधी कपाळ नको तितकं चमकलेलं. केस काळ्याचे पांढरे होत गेलेले. कुठे जांभई, कुठे ‘झालं का एकदाचं’ असा वैतागलेला चेहरा.

तिने हळूच काकांना बोलावून विचारलं. त्यांना त्यात नवल काहीच वाटलं नाही. गिऱ्हाईक यायच्या आधी दिवे जुळवायला कोणीतरी बसावं लागतं, मग ही बसते. एक काढायचा, बघायचा, दिवा सरकवायचा, फोटो पुसायचा. पेटी आपोआप रिकामी होत असेल अशी त्यांची समजूत.

“ते काय फोटो आहेत होय? उजेड बघायला काढलेले,” ते म्हणाले. “टाकून दे.”

बटण दाबायचा अवकाश, की काकूंचे सगळे फोटो कायमचे गेले असते. चौकशीला ते दाबवेना. ज्यांचे फोटो त्यांना विचारायला नको? तिने काकूंना हाक मारली.

काकू कात्री हातात घेऊनच आल्या. आधी हसल्या. हा चष्मा मी बसमध्ये विसरले, ही साडी मला कधीच शोभली नाही, अगंबाई, केवढी सुटले होते मी! एकेक बघत वर्षं मागे चालली. मग चौकशीने बोट ठेवलं. एवढ्या ढिगात हा एकच फोटो हललेला का, तिने विचारलं. चेहऱ्याच्या जागी नुसता धूसर डाग होता, पण मान खाली घातलेली कळत होती.

“उडव तो,” काका घाईने म्हणाले.

काकूंनी तारीख वाचली. त्यांची आई गेल्यानंतर त्या पहिल्यांदा दुकानात आल्या, तो हा दिवस. कोणीतरी गिऱ्हाईक यायचं होतं. हे बस म्हणाले, मी बसले, म्हणाल्या.

“इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या दिवशीसुद्धा तुम्ही उजेडच बघत होता.”

काका पडद्याकडे बघत म्हणाले, “हात हलायचा थांबेना माझा. दुसरा काढायला हवा होता. काढवला नाही.”

काकूंनी कात्री खाली ठेवली आणि पदराने डोळे पुसले.

“सगळे ने नव्या डिस्कवर,” त्या चौकशीला म्हणाल्या. “हा आधी ने.”