पोटावरची निळी पट्टी

जयमाला औटी सुप्याच्या एमआयडीसीत, गाड्यांच्या वायरी जोडायच्या कारखान्यात ठेक्यावर कामाला होती. आठ तास उभं राहून काम. लाईनवर चौदा बायका, आणि एक जरी जागेवरून हलली तरी पुढच्यांचं काम अडायचं. म्हणून महिन्यातल्या दोन दिवसांची तिला धास्ती असायची.

पाळीचं दुखणं तिच्या मागे तेराव्या वर्षापासून होतं. कंबरेतून मांड्यांपर्यंत कळा उतरायच्या, उलट्या व्हायच्या, गार घाम सुटायचा. आई म्हणायची, "लगीन झालं की राहतंय." लग्न झालं, दुखणं थांबलं नाही. सासू रंगुबाई म्हणाली, "एखादं पोर झालं की मोकळी व्हशील." चार वर्षांत पोरही झालं नाही. नवरा रविराज टेम्पो चालवायचा. माणूस वाईट नव्हता, पण हा विषय निघाला की पायात चप्पल सरकवून बाहेर पडायचा. जयमाला गोळ्या खायची. एकाच्या दोन, दोनाच्या चार झाल्या. शेवटी पोटात आग पडायला लागली, शौचाला काळं व्हायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्याच बंद केल्या.

लाईनवरची चांगुणाबाई गुडघ्यासाठी नगरला सावेडीत प्रज्ञा भिंगारदिवे नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे जायची. एका सुट्टीला ती जयमालालाही घेऊन गेली. प्रज्ञाने सगळं ऐकून घेतलं. मग रबरासारखी ताणली जाणारी निळी चिकटपट्टी काढून बेंबीखाली एक उभी, एक आडवी लावली आणि कंबरेवर एक.

"मॅडम, ह्यात औषध हाय का?"

"औषध नाही. कातडीला हलका ताण बसतो, त्यानं दुखण्याची जाणीव कमी होते असं म्हणतात. काहींना फरक पडतो, काहींना नाही." प्रज्ञा हात पुसत म्हणाली, "पण जयमालाताई, पट्टीनं कळ कमी झाली तरी ती का येते ते कळणार नाही. चिठ्ठी देते. बायकांच्या डॉक्टरांना दाखवा, सोनोग्राफी करा. हे पुढं ढकलू नका."

जयमालाने चिठ्ठी पर्समध्ये ठेवली.

त्या महिन्यात ती पाळीच्या पहिल्या दिवशी पूर्ण शिफ्ट उभी राहिली. कळ होती, पण लांब गेल्यासारखी. संध्याकाळी घरी येऊन तिने भाकरी थापल्या, तेव्हा रंगुबाईही बघत राहिली. पुढच्या महिन्यात तसंच. मग ती मेडिकलमधून पट्टीचं रीळ आणून स्वतःच लावायला शिकली. कारखान्याच्या बाथरूममध्ये इतर बायकाही पोट उघडं करून तिच्यापुढे उभ्या राहायला लागल्या. तिचा हात चांगला बसला होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिच्याकडे काही मागायला येत होतं.

सोनोग्राफीला सुट्टी टाकावी लागली असती. आता दुखतच नाही तर कशाला, असं तिने चांगुणाबाईला सांगितलं.

दीड वर्षाने पाळी नसतानाही उजवीकडे दुखायला लागलं. शौचाला बसलं की सुरी फिरल्यासारखं व्हायचं. तिने आणखी एक पट्टी लावली. मग दुसरी. खालची कातडी सोलून फोड आले, तरी काढली नाही. सावेडीला जायची तिला लाज वाटायची. मॅडम चिठ्ठीचं विचारतील.

मार्चमध्ये एका सकाळी ती लाईनवरच खाली बसली आणि मग आडवी झाली. सुपरवायझरने विचारलं, "काय झालं?" बायका म्हणाल्या, "तिचं नेहमीचं हाय." त्यांनी तिला बाकड्यावर निजवलं, गरम पाणी दिलं. लाईन सुरू झाली. दोन तासांनी चांगुणाबाई बघायला गेली तर जयमालाचे ओठ पांढरे पडले होते.

नगरच्या हॉस्पिटलात पोट उघडलं. अंडाशयात लिंबाएवढी, जुन्या रक्ताने भरलेली गाठ होती, ती फुटली होती. उजवं अंडाशय काढावं लागलं. गर्भाशयाच्या आतलं अस्तर बाहेर वाढलं होतं, आतडं त्याला चिकटलं होतं. डॉक्टर रविराजला म्हणाले, "हे वर्षानुवर्षांचं आहे. मूल होणं आता अवघड." रविराज मान हलवत राहिला.

प्रज्ञा भेटायला आली तेव्हा रंगुबाई खाटेशीच होती. "तुमच्या त्या पट्टीनंच पोरीचं वाटोळं केलं," ती म्हणाली. चिठ्ठी दिल्यावर एक फोन करायला हवा होता, हे प्रज्ञाला स्वतःलाच खात होतं.

जयमाला भिंतीकडे बघत म्हणाली, "आत्याबाई, त्यांनी सांगितलं हुतं. मीच न्हाई गेले. मॅडम, इतकी वर्सं दुखत हुतं, आन् पहिल्यांदा थांबलं. मला वाटलं, बरी झाले."

कारखान्याने पुढच्या महिन्यात तिचं नाव ठेक्यातून कमी केलं. डॉक्टरांनी पाळी बंद ठेवणाऱ्या गोळ्या दिल्या. दुखणं बरंचसं गेलं, पण घरात "पाळीबी न्हाई, पोरबी न्हाई" हे ऐकावं लागलं. रविराज लांबची भाडी घ्यायला लागला, आठ-आठ दिवस यायचा नाही. वर्षभराने ती दुसऱ्या कंपनीच्या कँटीनमध्ये भाज्या निवडायला लागली.

तिथे एकोणीस वर्षांची दिशा नावाची पोरगी तिच्याकडे आली. पट्टी लावणारी म्हणून दिशाने तिचं नाव ऐकलं होतं. "काकू, मला पट्टी लावून द्या ना. मला उभंच राहवत न्हाई."

"लावते. पण आधी सोनोग्राफी करून ये. मी येते संगं, उद्याच्याला जाऊ."

दिशा बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी जयमाला डबा घेऊन फाटकापाशी तासभर थांबली. दिशा आली नाही. आठवड्याने कपडे बदलायच्या खोलीत जयमालाने पाहिलं, पोरीच्या कंबरेवर गुलाबी पट्टी होती. नीट लावलेली नव्हती, कडेने सुटत होती. कुणी लावली, म्हणून विचारलं तर दिशा खाली बघून कुर्ता ओढत म्हणाली, "मोबाईलवर बघून मीच. आता दुखत न्हाई काकू, खरंच."